नव्वद दिवस आणि वर अकरा

सहा मेला ओरोसच्या कोर्टात
साहेबांनी दोन ओळींत आठ वर्षं मिटवली.
बाहेर गाड्यावर आम्ही तिघींनी कोकम घेतलं,
मी, आई आणि पेडणेकर वकीलबाई.
ग्लास विसळायला देता देता बाई म्हणाल्या,
"सुटलीस, पण दाराची कडी अजून बाहेरून आहे.
नव्वद दिवस थांब.
तोवर उल्हास अपिलात गेला नाही, तरच लग्न."

मी तारामुंबरीत बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते.
मेचे पंचवीस, जूनचे तीस,
जुलैचे एकतीस, ऑगस्टचे चार.
सोसायटीच्या कॅलेंडरवर जून-जुलैभर
मासेमारी बंदीच्या लाल रेघा छापलेल्या होत्या.
त्यांच्या पुढे मी निळ्या पेनाने
चार रेघा ओढल्या.

जयवंत इंजिन उघडून बसला होता,
कोपरापर्यंत काळा.
"म्हणजे दर्या एक तारखेला सुटणार
आणि तू चारला," म्हणाला,
आणि हसू आवरायला पाना शोधू लागला.

त्याची आते आली, पाट मागून बसली.
"देवळात हार घाला नि मोकळे व्हा गो.
कागद कोण बघूक येता?
देव काय निकालाची नक्कल मागता?"

आई सुपातले सोडे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"देव मागणा नाय. पेन्शनवालो मागता."

आते गप्प झाली. तिला ठाऊक होतं.
बाबा कणकवली डेपोत ड्रायव्हर.
पहिलीपासून घटस्फोट झाल्याचा कागद
शर्टाच्या खिशात ठेवून
त्यांनी आईला माळ घातली.
तेव्हा अपिलाची मुदत तीसच दिवसांची.
बाबा बारा थांबले.
एकोणतिसाव्या दिवशी पहिली अपिलात गेली
आणि मी रांगायला लागले त्या सुमारास
वरच्या कोर्टाने खालचा निकाल पुसला.

घरात काही बदललं नाही.
आईने तीस वर्षं पहाटे चारचा डबा भरला,
खाकी कपड्यांना इस्त्री केली,
शेवटी त्यांची पायाची सूज चेपली.
मग कचेरीतल्या माणसाने फॉर्म परत सरकवला,
सभ्यपणे, पेपरवेट काढून, दोन बोटांनी.
मुलगी चालेल, म्हणाला.
बायको म्हणून यांचं नाव नाही.
येताना गाडीत आईने खिडकी मागितली.
बाकी काही मागितलं नाही.

जूनमध्ये वकीलबाईंचा फोन:
उल्हासने निकालाच्या नकलेला अर्ज केला होता.
नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.
"अकरा वाढव."
चार आणि अकरा पंधरा.
पंधराला झेंडावंदन, कोर्ट बंद.
सोळाला रविवार.
म्हणजे सतरा, सोमवार, कचेरीची वेळ संपेपर्यंत.
कायद्याला सुट्ट्या असतात,
त्या दिवशीही आपण थांबायचंच असतं.

एक ऑगस्टला झापं निघाली, होड्या उतरल्या.
जयवंत गेला. तिसऱ्या रात्री परत आला,
बर्फाच्या खिडकीत चिठ्ठी सरकवली:
चाळीस लाद्या, उधार.
खाली बारीक अक्षरात "अजून तेरा".
मी चाळीस लिहिले. तेरा लिहिले नाहीत,
पण चिठ्ठी फाईलला लावली.

सतराला संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला.
"कोणी आलं नाही," बाई म्हणाल्या.
"उद्या हवं तर नोटिशीचा अर्ज भरा."

मी कॅलेंडर खाली काढलं.
आईने ते माझ्या हातातून घेतलं,
निळं पेन मागितलं,
आणि अठरावर स्वतः रेघ ओढली.
हात थरथरला, रेघ एकोणीसला टेकली.
"एक दिस जास्ती रव," म्हणाली.
"माझ्या वाट्याचो."

अठराला फॅक्टरी चालू होती.
बावीस गाड्या बर्फ गेला.
त्या पानावर खाडाखोड नाही.