एकतीस

जेल थंड. मंगळवारची मॅडम म्हणते, हलू नको.
पडद्यावर राख सांडल्यासारखं काहीबाही,
त्यात एक गोल,
आणि गोलाभोवती ती टिंबं टाकत जाते,
कच्चा धावदोरा घालावा तशी.

डोक्याचा घेर एकतीस. सिस्टर लिहून घेते.
थोडं लांबट आहे.
पायाळू आहे ना, डोकं वर अडकलंय,
म्हणून. काळजी नको.

सिंदेवाहीतल्या अर्ध्या बायांची मापं
माझ्या वहीत आहेत.
पण अंगाला टेप न लावता
कुणी घेर घेताना पाहिलं नव्हतं.

घरी सासू हरखली :
पायाळू! माह्या कंबरीले लाथ माराले
घरचंच माणूस झालं व माय!

रात्री मशीनच्या खणातून टेप काढली.
शून्य आणि एकतीस
एका टाचणीनं जोडले,
खाटेवर ठेवली.
गोल राहीना. आपोआप लांबट झाली.

टोपड्याचं कापड काढून ठेवलं होतं, बेतलं नाही.
पोलक्याला मी दोन बोटं माया सोडते.
इथं किती सोडायची?

टेप तशीच राहू दिली.
दिवा मालवला,
आणि मग पुन्हा उठून
तिच्या उशाशी कात्री ठेवली.