साडेपाच पट

रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये तीन नंबरचा प्रेस
हसूरामच्या तळहातावर चालायचा.
काटा बिघडून अकरा वर्षं झाली होती.
तो हात धरायचा, पत्र्यापासून वीतभर लांब,
मग म्हणायचा, काढा.
आणि सील निघायचं बिनबुडबुड्याचं, काळं, तुकतुकीत.

मृण्मयी गोगटे, वय एकोणतीस,
लॅपटॉप ऑइलच्या पिंपावर ठेवून विचारते,
हे आजारी पडले तर?

त्या प्रश्नाची किंमत मला मागाहून कळली.
घेणारे नफ्याच्या चार पट म्हणत होते, साडेतीनवर आले.
अर्धी पट हसूरामच्या रक्तदाबात गेली.

बाकीचंही निघालं. निघतंच.
सत्तर टक्के माल एकट्या चाकणवाल्याला.
फायरची एनओसी कधीच संपलेली.
प्लॉटच्या कागदावर अजून माझा भाऊ,
जो सात वर्षांपूर्वी कळव्याच्या हॉस्पिटलात गेला.
मला वाटायचं, हा धंदा.
तिच्या तक्त्यात त्याच ओळी
धोका या मथळ्याखाली.

दोन वर्षं लागली.
वहिनी ऐरोलीहून सहीला आली,
सही केली, चहा नाही घेतला.
होसूरचं एक गिऱ्हाईक मिळालं,
नखरे फार, पण पैसे तारखेला.
लाल बादल्यांतली वाळू बदलली.
जुन्या वाळूत विड्यांची थोटकं
आणि एक दहा पैशाचं नाणं.

शेवटी हसूरामला बसवलं, सगळं लिहून घ्यायला.
किती डिग्री? नवं पोरगं विचारतं.
पिठलं करपायच्या जरा आधी वास येतो ना, तेवढी.
पोरगं नव्या काट्याकडे बघतं, लिहितं, एकशे अडुसष्ट.
हसूरामही बघतो,
नवख्या व्याह्याकडे बघावं तसा.
"म्हंजे शेट, आता मी नसलो तरी चालल?"

चालेल, हसूराम.
मी नसलो तरी चालेल.
तेच तर विकायला काढलंय.

साडेपाच पट मिळाले.
बायको म्हणाली, सोनं झालं.
मी मनात वजाबाकी करत बसलो.
साडेतीनच्या वरचे ते दोन,
ते आमच्या दोघांच्या नसण्याचे.

परवा गेलो होतो. कपाटात डबा राहिला होता, स्टीलचा.
गेटवर वही, मीच सुरू केलेली.
वॉचमन नवा, अदबीचा. नाव विचारलं, स्पेलिंगही.
'कुणाला भेटायचं' या रकान्यात
मी हसूराम म्हात्रे लिहिलं.
ते रिटायर झाले, साहेब, तो म्हणाला.

आत तीन नंबर उघडल्याचा आवाज आला.
घड्याळ बघितलं.
बरोबर वेळेवर.