तळटीप एकशे बारा

मिनिॲपोलिस, जानेवारी, उणे एकवीस.
लॉ स्कूलच्या तळघरात
तंत्रज्ञान आणि बौद्धिक संपदेच्या नियतकालिकाचा
वसंत अंक अडलाय.

संपादक सोरेन हाल्व्हर्सन, वय चोवीस,
स्वल्पविरामासाठी जीव टाकणारा.
तिरप्या अक्षरांमागचा पूर्णविराम
सरळ राहिला तर त्याला दिसतो.
बाकी जगात कुणालाच दिसत नाही.

माय सी वांगच्या वाट्याला
तळटिपा शंभर ते एकशेतीस.
काम एवढंच : जे म्हटलंय असं म्हटलंय
ते खरंच कुठे म्हटलंय का, बघायचं.
लेख एका प्राध्यापकांचा, भारदस्त :
यंत्राने शिकून काढलेली नक्षी कुणाच्या मालकीची.
एकशे दहा, बरोबर.
एकशे अकरा, पान चुकलंय.
एकशे बारा :
मूळ नमुना हमोंग भरतकाम. कर्ता अज्ञात.

शेजारी चित्र, टपाल तिकिटाएवढं.
गोगलगाईची दुहेरी गुंडाळी
आणि डाव्या कोपऱ्यात एक टाका उलटा.

तो टाका तिला पाठ आहे.
मावशीचा अंगठा छावणीत मोडला,
नीट बसलाच नाही,
तेव्हापासून कोपऱ्याशी आली की
सुई एकदा मागे फिरते.

व्याकरण किती सोयीचं.
नमुने गोळा केले गेले. यंत्राला पुरवले गेले.
सगळा कर्मणी प्रयोग.

"पुरावा?" सोरेन विचारतो.
वाईट नाही तो, दोन रात्री झोपलेला नाही.
"छापील हवा. पान क्रमांकासह."

माय सी फोन लावते. पलीकडे टीव्ही, भांडी,
आणि आधी, जेवलीस का?
मग : निळं कापड? गोगलगाईचं?
हो, बाजारात एका बाईने फोटो काढला होता.
घेतलं नाही. महाग म्हणाली.
का गं, छापून येणार? पैसे देतात?
"नाही मावशी. इथे कुणालाच देत नाहीत."
मावशी इतकी हसते
की सोरेनही मान वर करतो.

माय सी 'कर्ता अज्ञात' खोडते.
लिहिते : कर्ती, पा चिया मुआ.
सेंट पॉल, बाजारातला गाळा, दुपारी दोननंतर.

सोरेन काही बोलत नाही.
जाडजूड नियमावली ओढतो,
कायदे, निवाडे, अप्रकाशित पत्रं, दूरध्वनी मुलाखती,
एका अंगठ्याचा हवाला कसा द्यायचा
हे शोधत राहतो.
कॉफी कधीच गार झालेली.
साडेबारा वाजता विचारतो,
"मुआ, शेवटी आ ना? दीर्घ?"