वजा तीस हजार तीस

डिसेंबरात डोळे भरायला घेतात.
शेंदूरजन्याच्या पुढे, नाल्याकाठी आमची नर्सरी,
जंभेरीचे खुंट पेन्सिलीएवढे जाड झालेले,
आणि देवमन युवनाते गोणपाटावर बसून
एका खुंटाला बारा सेकंद लावतो. मी मोजलेत.
उभा काप, आडवा काप, साल उचल,
संत्र्याचा डोळा आत, वरून प्लास्टिकची पट्टी.
मोजणं हीच हिची नोकरी, असं आई पाहुण्यांना सांगते.
ते तितकंसं खरं नाही.

"वहीत काय हाये ताई एवढं?"
मी म्हटलं, क्षेत्र.
"किती आर?"

मग सातबारा बाजूला ठेवून मी काडीने मातीत रेघ ओढली.
ही साध्या संख्यांची जमीन, पूर्णांक, अपूर्णांक, बस.
हिच्यात एक वर्गमूळ लावलं की वर दुसरं क्षेत्र उगवतं,
त्याच्यावर तिसरं.
खालची प्रत्येक अभाज्य संख्या वर चढताना काहीतरी करते.
कोणी अख्खी राहते,
कोणी दोन वेगळ्या फांद्यांत उघडते,
आणि मोजक्याच काही
दोन होतात पण एकमेकींपासून सुटत नाहीत,
एकाच खाचेत दोन डोळे.

देवमनने चाकू धोतराला पुसला.
"थे तं गाठ झाली."
हो. आमच्यात तिचं नाव भारदस्त आहे, पण गाठच.
"मंग गाठच काऊन येऊ द्याची?"

नाही येऊ दिली
तर या साध्या जमिनीवर काहीच उगवत नाही.
सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय ते,
एकही गाठ नको म्हणाल तर खुंट खुंटच राहतो.
पण सहा गाठी खालीच घ्या.
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा,
यांचा गुणाकार तीस हजार तीस, त्याला वजा, त्याचं मूळ.
सगळ्या जखमा पहिल्या पायरीवर, जमिनीलगत.
त्यानंतर नवी गाठ एकही नाही,
पेरावर पेर, सालीवर ओरखडा नाही,
आणि हे थांबत नाही.
उंच जातं असं नाही म्हणत मी. थांबत नाही.

देवमनने वर बघितलं.
वर विजेची तार होती, तारेवर एक वेडा राघू.
"अन् पाच घेतल्या तं?"

नागपूरच्या परिसंवादात
फळ्यासमोर चाळीस मिनिटं उभी होते मी,
हे इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं.
एक हिशेब आहे, देवमनभाऊ.
नवे मोड किती, ते मोजायचे,
त्यांचा वर्ग, वर्गाचा चौथा हिस्सा.
बंधनं त्याहून कमी पडली की झाड हाताबाहेर जातं.
सहा गाठींना हा हिशेब पाव अंकाने साधतो. पाव!
पाच गाठींना पुरता एक कमी पडतो.
आणि कमी पडला म्हणजे झाड थांबलं, असंही नाही.
नुसतं कळत नाही.
काही पाचांचं कुणी दुसऱ्या वाटेने शोधलंय,
माझ्या पाचांपाशी मी सहा वर्षं बसलेय.

त्याने खुंटाच्या बुडाशी फुटलेला जंभेरीचा कोंब
न बघताच नखाने खुडला.
ते तो दिवसभर करत असतो, बोलता बोलता,
डोळ्याच्या खाली काही फुटू द्यायचं नाही.

"एकवीस दिवसांनी मी पट्टी सोडतो," तो म्हणाला.
"हिरवा असला तं लागला. काळा असला तं मेला.
अन् एखादा राह्यते, ना हिरवा ना काळा."

त्याचं काय करता?

पाट सोडल्याचा आवाज आला, कोणीतरी पलीकडून ओरडलं,
पाणी सरीत शिरलं, माझ्या रेघेपर्यंत आलं,
तिथे जरा तुंबलं, मग क्षेत्रासकट पुढे गेलं.

"परत बांधतो," देवमन म्हणाला,
आणि पुढचा खुंट ओढला.
या वेळी पंधरा सेकंद लागले.