काटा स्थिर होईस्तोवर

नाव सांगत नाही कंपनीचं.
दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा लोअर सर्किट लागलं.
इतकंच सांगतो: पाच वर्षांची आहे,
मोबाईलवरून सामान विकते
आणि अजून एक पैसा कमावलेला नाही.

माझ्याकडे तिचे दोनशे बारा शेअर.
एकशे अठ्ठेचाळीसनं घेतलेले,
बायकोची भिशी आणि माझा दिवाळीचा बोनस मिळून.

मारेगाव रस्त्यावर जिनिंगचा वजनकाटा आहे,
त्याच्या खोलीत मी बसतो.
सव्वानऊला बाजार उघडतो,
सव्वानऊलाच कापसाच्या गाड्या रांगेला लागतात.
खोलीत नेटवर्क नाही.
पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर
चौथ्या पायरीला येतं.
पहिल्या वर्षी दिवसातून वीसदा चढलो.
हमाल म्हणायचे, बाबूले टाकीत काय सापडलं?

एकशे साठ झाला, तेव्हा त्या पायरीवर उभं राहून
मनातल्या मनात न्हाणीघराला फरशी बसवली.
एकसष्ट झाला, तेव्हा तीच फरशी
एकेक करून उखडली.

इंदल राठोडनं सत्तरला विकले, फ्रिज घेतला.
आता थंड पाणी देताना दरवेळी विचारतो,
"अजून धरूनच हायस का बे?"
धरूनच आहे.
कशासाठी, ते त्याला सांगता येत नाही,
आणि पाणी खरंच थंड असतं.

कंपनीचा अहवाल येतो. दोनशे पानं.
तोटा कमी होत असल्याचं पान मी तीनदा वाचलं.
एकदा मेल आला, नव्या संचालकांवर मत द्या.
रात्री साडेअकराला, मच्छरदाणीत बसून,
चार अनोळखी माणसांना मी मंजुरी दिली.
पाचव्याला नाही दिली,
फोटोत तो फार घाईत दिसत होता.
चंद्रकला कुशीवर वळून म्हणाली,
"कोनाले मत देऊन राह्यले एवढ्या राती?"

मार्चमधली गोष्ट. गाड्या संपत आलेल्या, काटा रिकामा.
एक पोरगा मोटरसायकल थेट पाट्यावर घेऊन आला.
पाठीवर चौकोनी पिशवी, पिशवीवर तेच नाव,
जे मी सांगत नाही.
"काका, इथं पिन चुकीची दाखोते. बोटोनी कुकडे हाय?"

रस्ता सांगितला. माठातलं पाणी दिलं.
मालकानं द्यावं तसं नाही दिलं,
पण थोडं तसंच.
नाव प्रज्योत आत्राम.
न राहवून विचारलं, कशी आहे रे कंपनी?
त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली.
"पैसे टायमावर येतेत. पेट्रोल नाई पुरत.
मांगच्या मयन्यात दिवसाचे सात पार्सल होते,
आता एकतीस हायेत."

अहवालात हे नव्हतं.
दोन्ही नव्हतं.

खोलीतल्या यंत्रावर लाल आकडे नाचत होते:
दोनशे दहा, एकशे नव्वद, दोनशे.
पाणी पिताना तो हलत होता म्हणून.
नव्या ड्रायव्हरला मी नेहमी सांगतो,
ब्रेक दाबून ठेव, उतरू नको,
काटा थांबल्याशिवाय पावती फाटत नाही.
बावीस वर्षांत एकदाही फाडली नाही.

पोरगा किक मारून पाट्यावरून उतरला.
शून्य झालं.
शून्यावरसुद्धा तो लगेच थांबत नाही,
दहा खाली जातो, दहा वर,
वारा असला तर जास्तच.

साडेतीन वाजून गेले होते.
शिडीवर चढलो नाही.
वळणापाशी ती पिशवी दिसेनाशी होईस्तोवर
दारात उभा होतो.
एकतीस, एकतीस, असं म्हणत आत आलो,
आणि रात्री जेवताना आठवलं ते
पेट्रोल.