तीन नंबरचा सेल

सोहारला पहाटे तीनचा रस्ता
बेकरीवाल्यांचा आणि ट्रेलरवाल्यांचा.
त्यांची चाकं अठरा, माझी दोन.

पुढच्या दिव्यात दोन सेल, मागच्यात दोन,
आणि तितकेच खोलीवर, चार्जरमध्ये.
मार्करने नंबर टाकलेत, एक ते आठ.
तीन-चार बरोबर निघतात, बरोबर परत येतात.
नवा-जुना एका दिव्यात घालायचा नाही, घागभाई,
बिजुमोन सांगतो,
दमलेला ताज्याला ओढतो, आणि शेवटी स्वतःच उलटा होतो.
मीटरच्या दोन सुया लावून तो सेलची नाडी बघतो,
काही न बोलता मान हलवतो,
फी म्हणून एक गरम खुबूस.

उन्हाळ्यात दिवा सायकलवर सोडत नाही.
बेकरीतून सुटलो की सेल रुमालात,
रुमाल खिशात,
बैसांची नाणी दुसऱ्या खिशात.
नाण्यांशी त्यांचं पटत नाही. एकदा मांडी भाजलीय.

खोलीत सॉकेट दोन, माणसं पाच.
आधी मोबाइल, मग इस्त्री, मग मी.
दुपारी एसी लागला की माझी पाळी.
हिरवा दिवा लागला तरी घाई नाही:
कपाळाला लावावा तसा हात लावायचा,
निवू द्यायचे.
मग तारीख वहीत, मागच्या पानावर.
पुढच्या पानांवर उधारी आहे.

दिवा लुकलुकता ठेवला तर सात रात्री जातात,
स्थिर ठेवला तर जेमतेम तीन.
सगळा रस्ता मी लुकलुकत जातो,
फक्त मासळीबाजाराच्या गोलचौकात
बटण दाबून स्थिर करतो.
का, ते बिजुमोनला माहीत आहे.
त्या रात्री तोही आला होता इस्पितळात.

तीन नंबर मार्चपासून कुरकुरत होता.
दुपारी पोटभर खायचा, पहाटे पुलावर मान टाकायचा.
सुया लावून झाल्यावर बिजुमोन म्हणाला,
सायकलला नको आता. घड्याळाला चालेल.
घड्याळाला लागतं तरी किती!

म्हणून तीन नंबर आता भिंतीवर आहे,
त्या घड्याळात, जे मी दीड तास पुढे लावलंय.
मी सायकल काढतो तेव्हा त्यात साडेचार:
संगमेश्वरला नळ आला असेल,
सरोज कळशी लावून
दारात उभी असेल, पदर खोचून.
मिनिटभर मागे पडतं कधी. मी काटा सरकवतो.

राहिला चार नंबर.
चांगला आहे, मीटरही तेच सांगतो.
पण एकट्याला कुठल्या दिव्यात घालणार?
दुकानात सुटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते,
आणि नव्या जोडीत तो तिसरा.

तरी दर आठवड्याला त्याला चार्ज करतो,
तारीख टाकतो,
रुमालात गुंडाळून बरोबर नेतो.
मागून ट्रेलर येतो, हेडलाइट खाली करतो,
म्हणजे मी दिसलो.
खिशात चार नंबर असतो. भरलेला.