बोल्टखालचा रंग

ओतियाची मिनीबस पहाटेच दारात.
ओझुर्गेती ते कुताइसी, दिवसाला दोन खेपा,
सोळा माणसं, हिवाळ्यात संत्र्यांच्या पेट्या, एकदा एक वासरू.
म्हणाला, लामारा, पाशिंजर कटकट करतात.
स्पीकरमधून शिट्टी येते.
गाडी चढाला लागली की तीही चढते,
उतारावर मऊ पडते,
इंजिन बंद केलं की गप.

मी म्हटलं, शिट्टी कसली, अल्टरनेटर आहे तो.
वीज करताना जे कण्हतो
ते तुझ्या गाण्यात झिरपतंय.
विजेला घरी परतायला एकच वाट हवी.
तिला दोन सापडल्यात,
आणि दोन वाटांमधल्या फरकालाच
तुझा स्पीकर आवाज समजतो.

माझा बाप चहाच्या कारखान्यात वायरमन.
कारखाना गेला, यंत्रं किलोवर विकली,
त्याचा काट्याचा मीटर तेवढा माझ्याकडे उरला.
तो सांगायचा,
इमारतीला अर्थिंग द्यायचं तर खड्डा खण,
मीठ घाल, कोळसा घाल, पट्टी पूर, पाणी ओत.
गाडीला कुठला खड्डा?
चार रबरी चाकांवर ती जमिनीपासून तुटलेली.
म्हणून आपल्याच अंगाला जमीन मानते
आणि जाईल तिथे ती बरोबर नेते.

ओतिया ऐकत नव्हता.
दातांनी हेझलनट फोडत होता.

सीटखाली ॲम्प्लिफायर.
त्याची काळी वायर पोतीच्या कुणा दीडशहाण्यानं
चक्क रंगावर आवळलेली, लाकडाच्या स्क्रूनं.
काटा हलला: अर्धा व्होल्ट.
अर्ध्या व्होल्टनं मुंगीही मरत नाही.
पण कानाला तेवढा पुरतो.

घासायला घेतलं.
पांढऱ्याखाली पिवळा निघाला,
म्हणजे ही कधीतरी जर्मनीत टपाल वाहत होती.
पिवळ्याखाली करडा.
करड्याखाली, नाण्याएवढं,
लखलखीत, उघडं लोखंड.
दातेरी वायसर, बोल्ट, वर बोटभर ग्रीस.
वायर करंगळीएवढी जाड, वितीएवढी लांब, जास्त नको.
रेडिओची काळी वायरही त्याच बोल्टवर आणली.
गाण्याची केबल उजवीकडून नेली, बॅटरीची डावीकडून,
एका पायवाटेवर दोघींचं पटत नाही.

चालू कर, म्हटलं. दे रेस.
दोन हजार. तीन हजार.
काटा शून्याला टेकून झोपलेला.
बातम्या सांगणाऱ्या बाईनं
मध्येच घेतलेला श्वास ऐकू आला.

ओतिया खूश झाला नाही.
स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.
मग म्हणाला, अंझोर गेला ना, चार वर्षं झाली,
ग्दान्स्कला, जहाजं रंगवायला.
घरात वरचा आवाज त्याचा होता,
तो कोंबड्यासारखा फुटणारा. मी खालचा.
मधला आमचा मामा, तो तर मेलाच.
रात्रीच्या खेपेला सगळे झोपतात.
घाटात शिट्टी वर जायची,
मी तिच्याखाली माझा सूर धरायचो.
तिसऱ्या गिअरला बेसूर.
दुसऱ्याला, चर्चच्या वळणावर,
अगदी तो.

माझ्या हातात पाना होता.
बोल्ट अर्धा आटा सैल करायला
किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं.
त्यालाही असावं.
मी म्हटलं, चाळीस लारी.
त्यानं पन्नास दिले, सुटे घेतले नाहीत.
पाशिंजर खूश होतील, म्हणाला.
होतील, मी म्हटलं.

रेल्वे फाटकापाशी थांबला तेव्हा खिडकी उघडी होती.
खालचा सूर इथवर आला,
नुसता खालचा,
वर कुणी नसताना धरलेला. लांबला, पण हलला नाही.
मग मालगाडी आली.

वरचा आवाज बायका घेत नाहीत म्हणतात.
दुपारी गॅरेजात कुणी नव्हतं,
मी एकदा घेऊन पाहिला.
कुत्रं उठलं
आणि बाहेर जाऊन झोपलं.